मोठ्या बाईंची थोरली आणि धाकटी

आमच्या मोठ्या बाई कोणाच्याही घरी गेल्या, की चप्पल काढल्याबरोबर आधी भिंतीला तळहात लावायच्या. घरात कोण आहे, कोण नाही, चहा की सरबत, हे सगळं मागून. आधी भिंत. ओल आहे की नाही ते पाहायचं. माझ्या मुलासाठी मुलगी पाहायला आम्ही मूर्तिजापूरला गेलो, तेव्हा मुलीचा बाप हात जोडून उभा आणि बाई त्याच्या बैठकीच्या भिंतीवरून हात फिरवून राहिल्या. तो माणूस घाबरला. ही बाई घराची किंमत काढते आहे, असं त्याला वाटलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "पोरगी साजरी हाय. घर ओलं हाय. पण आपल्याले घर थोडी न्यायचं हाय." ते लग्न झालं.

मोठ्या बाई म्हणजे माझी मोठी नणंद. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. खामगावला दिल्या होत्या. नवरा तापानं गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांना नको झाल्या, तेव्हा मामंजी जाऊन घेऊन आले. माझं लग्न झालं तेव्हा अकोल्यात जठारपेठेतल्या घरात मामंजी होते, बाई होत्या, माझे मालक होते, आणि लोखंडी कपाटात दोन रायफली होत्या. घरात ऊन येणारी खोली एकच. ती रायफलींची. मला आणि मालकांना मागची, मोरीला लागून असलेली. मी नवी होते तरी तोंड गप्प राहिलं नाही. विचारलं, की बाई, माणसाले ओली खोली आन् बंदुकीले कोरडी, हा कुठचा न्याय? बाई म्हणाल्या, "माणूस आंग पुसून घेते. यायले हात नाहीत. आन् बंदूक नको म्हणू. रायफल म्हण."

त्या रायफली मामंजींच्या वडिलांच्या. इंग्रज साहेब मेळघाटात शिकारीला यायचे, त्यातला एक देश सोडून जाताना देऊन गेला. अमेरिकेत बनलेल्या. चापाच्या खाली लोखंडाची एक कडी असते. ती खाली ढकलून वर ओढली, की झडलेलं काडतूस वरून उडतं आणि नवं आत बसतं. म्हणून आमच्या घरी त्यांना कडीच्या रायफली म्हणत. लांब नळीची ती थोरली, आखूड ती धाकटी. अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं वावर होतं. रानडुकरं ज्वारी लोळवायची. मामंजी माळ्यावर धाकटी घेऊन जागायचे आणि बाई त्यांच्यासोबत. पुढे शिकारीवर बंदी आली, वावर ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं, त्या मापाची काडतुसं बाजारात दिसेनाशी झाली. मी त्या घरात आयुष्य काढलं, पण त्या रायफलीतून गोळी सुटल्याचा आवाज एकदाही ऐकला नाही. राहिलं होतं ते फक्त पुसणं.

मामंजींनी लायसन मुलाच्या नावावर करायचं सोडून मुलीच्या नावावर केलं, तेव्हा नात्यात फार बोलणं झालं. माझे मालक शाळेत मास्तर. दिवाळीला लवंगी फटाका वाजला तरी कानावर हात ठेवायचे. त्यांना काही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते चुलत्यांना. त्यातल्या एकानं मामंजींना तोंडावर विचारलं, की बाईमाणूस रायफल घेऊन काय करणार? मामंजी म्हणाले, "रायफल मारणाऱ्याची नसते बावा, पुसणाऱ्याची असते. तू पुसशीन का?" चुलते चहा पिऊन गेले. ते वाक्य बाईंनी पदरात बांधून ठेवलं. त्यांना दुसरी इस्टेट मिळाली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही.

पुसण्याची त्यांची रीत ठरलेली. उन्हाळ्यात पंधरवड्याला, पावसाळ्यात आठवड्याला. आधी हात राखेनं धुवायचे आणि कोरडे होऊ द्यायचे. मग जमिनीवर जुनं सुती लुगडं अंथरायचं. गजाला चिंधी गुंडाळून नळीतून ओढायची, ती पांढरी निघेपर्यंत. लोखंडाला शिवणयंत्राचं तेल, तेही बोटभर चिंधीला लागेल इतकंच. लाकडाच्या दस्त्याला मात्र जवसाचं तेल, तळहातानं चोळून चोळून, लाकूड गरम होईपर्यंत. चामड्याच्या पिशव्या साहेबानं सोबत दिल्या होत्या, त्या बाईंनी कधीच काढून टाकल्या. चामडं पाणी धरून ठेवतं म्हणायच्या. उघड्या हातानं लोखंडाला शिवायचं नाही, हा पहिला नियम. "घाम म्हणजे मीठ. लोणच्याले घाला, रायफलले नको."

दसऱ्याला शस्त्रांची पूजा. आमचे भटजी हळदी-कुंकवाची ओली बोटं घेऊन पुढे आले, की बाई आडव्या व्हायच्या. कोरडी हळद, कोरडं कुंकू, तेही दस्त्यापाशी कागदावर. सोनं बाजूला ठेवायचं, वर नाही. एकदा नवे भटजी आले. त्यांनी मंत्र म्हणता म्हणता पळी भरून पाणी उचललं. बाई म्हणाल्या, "महाराज, पाणी तांब्यात राहू द्या. मनानं शिंपडा." भटजी म्हणाले, "मनानं कसं पोचेल?" बाई म्हणाल्या, "मंग मंतर कसा पोचून राहिला?" भटजींनी दक्षिणा घेतली आणि पुढच्या वर्षी मुलाला पाठवलं.

निवडणूक लागली, की ज्याच्याकडे हत्यार आहे त्यानं ते ठाण्यात जमा करायचं. बाईंना कोणतं सरकार आलं आणि कोणतं गेलं याच्याशी घेणं नव्हतं. रेडिओवर निवडणूक जाहीर झाली की त्या कपाळाला हात लावायच्या, "झालं. दोघी पुन्हा ठाण्यात." गोधडीच्या कापडात गुंडाळून त्या स्वतः रिक्षातून न्यायच्या. आणि तेवढ्यावर थांबायच्या नाहीत. दर आठवड्याला चिंधी आणि तेलाची डबी घेऊन ठाण्यात हजर. मला पुसू द्या, म्हणायच्या. एकदा एक जमादार वैतागला. "बाई, तुमी रोज रोज येता. हे काय पेशंट हाय का दवाखान्यातला?"

"हो," बाई म्हणाल्या. "आन् तुमच्या इथं डाक्टर नाही."

तो हसला. त्यानं खुर्ची दिली. मग दर निवडणुकीला तिथलं कोणी ना कोणी त्यांना खुर्ची देत गेलं. मीही सोबत गेले आहे. भिंतीशी शंभर बंदुका उभ्या, धूळ खात, आणि मधे ही बाई खुर्ची सोडून खाली मांडी घालून दोनच पुसते आहे, असं ते चित्र.

लोक विचारायचे, की गोळी नाही, शिकार नाही, मग उपयोग काय? आमच्या शेजारच्या एका सुनेनं, तिच्या घरी भजनाला जमलो असताना, सगळ्यांच्या देखत विचारलं. बाईंनी तिच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "तुही सासू हालते का आता?" ती म्हणाली, "नाही, खाटंवर हाय." बाई म्हणाल्या, "मंग तिचा काय उपयोग हाय? पोसून राहिली ना?" सासू आतल्या खोलीत ऐकत होती. नंतर तिनं बाईंना डबाभर शेवया पाठवल्या.

चिखलदऱ्याकडे हॉटेल बांधणारा एक श्रीमंत माणूसही येऊन गेला. त्याला धाकटी पाहिजे होती. रीतसर परवानगी काढतो, बैठकीच्या भिंतीवर टांगतो, खाली दिवा लावतो, म्हणाला. बाईंनी त्याला पोहे दिले, चहा दिला, आणि म्हणाल्या, "आमच्याकडं माणसाले भितीवर मेल्यावर टांगते. हे अजून जिती हाय."

आता प्रमोदचं सांगते. प्रमोद माझा मुलगा. नांदगाव पेठेला सुताच्या गिरणीत नोकरी, राहायला अमरावती शहरात. बाईंना पोटचं कोणी नव्हतं, म्हणून त्यांचा सगळा जीव त्याच्यावर. त्यांच्यानंतर रायफली त्याच्या, हे कोणी बोललं नव्हतं तरी ठरलेलं होतं. बाईंची सत्तरी कधीच उलटली होती, आणि तशा माणसाला जिवंतपणी वारसाच्या नावावर लायसन करता येतं. प्रमोदनं अर्ज केला. पोलीस चौकशीला येऊन गेले. तेवढं एक झालं की आपण सुटलो, असं बाई म्हणायच्या. माझे मालक तोवर वारले होते. घरात आम्ही दोघी म्हाताऱ्या. आमचं पटत नाही असं शेजारी म्हणत. पटत होतं. बोलणं तेवढं कडू होतं.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास बाई मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन अमरावतीला झालं आणि पुढचे कितीतरी महिने त्या प्रमोदकडेच राहिल्या. उठता येत नव्हतं, पण जीव कपाटात. दसरा आला तेव्हा त्यांनी कमरेची किल्ली सोडून प्रमोदच्या हातात दिली. "अकोल्याले जाय. दोघीले चांगलं पुसून ये." त्यांनी ती किल्ली दुसऱ्या कोणाला दिलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

प्रमोद आला. मी पुरणाच्या मागे होते. त्यानं दिवसभर बसून मनापासून पुसलं, सोनं ठेवलं, किल्ली घेऊन गेला. उन्हाळा लागला तशा बाई काठी घेऊन चालायला लागल्या, आणि प्रमोद त्यांना गाडीतून घरी घेऊन आला. बसायच्या आधी त्यांनी कपाट उघडलं. थोरली काढली, कापडावर ठेवली, कडीला हात घातला. कडी हालेना. पुन्हा जोर केला. हालेना. धाकटी काढली. तिचीही तीच गत.

"कोणतं तेल लावलं?" बाईंनी विचारलं.

"तुहंच, आत्या. बाटलीतलं. जवसाचं. कडीत, खटक्यात, सगळीकडं सोडलं. काही कमी नाई ठेवलं."

वऱ्हाडातल्या माणसाला जवसाच्या तेलाचं काय सांगायचं? आम्ही ते खातो, दाराला लावतो, बैलाला पाजतो. लाकडाला त्याच्यासारखं दुसरं नाही, कारण ते वाळून घट्ट होतं. आणि म्हणूनच लोखंडाच्या सांध्यात ते जहर. महिन्यांमागून महिने आत वाळून त्याचा डिंक झाला होता. सगळा खटका एकमेकाला चिकटून बसला होता.

बाईंनी दोन्ही रायफली पुन्हा कापडावर ठेवल्या. प्रमोद चाळिशी ओलांडलेला माणूस, पण शाळेतल्यासारखा समोर उभा. मग बाई म्हणाल्या, "पुसणारा नाही तू."

एवढंच. दुसऱ्या घरात हे वाक्य म्हणजे काहीच नाही. आमच्या घरात त्याचा अर्थ काय होतो ते प्रमोदला माहीत होतं. तो जेवला नाही. मी ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं. चार दिवसांनी त्यानं अर्ज मागे घेतला, हे मला सुनेनं फोनवर सांगितलं. मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं केलं." आणि तोंड फिरवून बसल्या.

अमरावतीला एक जुने चाचा होते, बंदुका दुरुस्त करायचे. बाईंनी मला त्यांच्याकडे विचारायला पाठवलं. चाचा गेलेले. त्यांचा मुलगा त्याच दुकानात आता कुकर आणि मिक्सर दुरुस्त करतो. चांगला मुलगा. म्हणाला, "आई, मला हे येत नाही. हातोडीनं खुलेल, पण मग मोडेल." मी तशीच वापस आले.

मग बाईंनी स्वतः घेतलं. पण हात कापायचे, एका डोळ्याला कमी दिसायचं. म्हणून मी बसले. इतकी वर्षं त्या घरात राहून मी त्या लोखंडाला पहिल्यांदा हात लावला तो तेव्हा. रॉकेलात काडीला कापूस बुडवायचा, सांध्यात थेंब सोडायचा, थांबायचं, जुन्या दातांच्या ब्रशानं घासायचं. बाई वरून सांगणार, मी करणार, आणि दोघी एकमेकींना बोलणार.

"हळू व कुसुम. ते भांडं नाई."

"भांडं असतं तर कवाच निघालं असतं."

धाकटी लवकर सुटली. थोरली मात्र अख्खा उन्हाळा अडून बसली. एका दुपारी घासता घासता बाई एकदम म्हणाल्या, "त्याची चूक नाही व." मी म्हटलं, "कोणाची?" तर म्हणाल्या, "प्रमोदची. त्याच्या हाताले लय घाम ये. म्हून म्या त्याले लोखंडाले कधी हातच लावू देल्ला नाही. लाकूड चोळ म्हणो. त्यानं आयुष्यभर लाकूडच चोळलं. लोखंड म्या शिकोलंच नाही त्याले." मी ब्रश रॉकेलात बुडवला आणि पुढचा सांधा घासायला घेतला.

मृगाच्या तोंडावर थोरलीची कडी सुटली. मोठा आवाज झाला. बाईंनी कडी पुन्हा मागेपुढे केली, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "प्रमोदले फोन लाव." मी लावला. त्यांनी बोलायच्या आधी फोन कडीपाशी धरला आणि कडी चालवली. खट, खटाक. पलीकडून आवाज आला, "आत्या?"

"ऐकलं?"

"ऐकलं."

"मंग ये."

तो रविवारी आला. बाईंनी त्याला राखेनं हात धुवायला लावले, हाताला फडकं बांधलं आणि समोर बसवलं. "आज लोखंड शिकवतो तुले." मी चहा ठेवला. आत्या-भाच्याचं पुसणं चाललं होतं, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणी हसलेलं मी ऐकलं. मग बाई म्हणाल्या, "आता अर्ज पुन्हा टाक."

प्रमोदनं मान वर केली नाही. पुसत राहिला. मग म्हणाला, "आत्या, एक बोलू?"

"बोल."

"मले नको."

"राग हाय अजून?"

"राग नाई. आपला फ्लॅट खालचा. भितीले तूच हात लावून पाह्यला होता. माह्या पाळ्या बदलतात, घरी पोरगी हाय, तिच्या मैत्रिणी येतात. दर निवडणुकीले ठाणं, दर खेपेले लायसन, कोण करन? तू बोलली त्या दिवशी मले वाईट वाटलं. पण गाडीत बसलो आन् मोकळंही वाटलं." त्यानं चिंधी उलटी केली. "मले ह्या कधीच आवडल्या नाई, आत्या. मले तू आवडे. तू पुसे म्हून म्या पुसे."

मी चहाची कपबशी घेऊन दारात उभी. बाईंचा चेहरा मला दिसत होता. तो काही पडला नाही, रडवेलाही झाला नाही. घरातून माणसं निघून गेल्यावर बैठक दिसते तसा दिसला. त्या म्हणाल्या, "मंग आधी कावून नाही सांगतलं?"

"तुले कसं सांगू?"

बाईंनी त्याच्या हातातली चिंधी पाहिली. "तेल जास्त झालं," म्हणाल्या. "पिळून घे."

त्यानं पिळून घेतली, आणि पुसून पूर्ण केलं.

आठ-दहा दिवसांनी बाई सकाळी मला म्हणाल्या, "कुसुम, ठाण्यात जाऊ."

"कावून? निवडणूक कुठी हाय?"

"निवडणुकीसाठी नाही. कायमचं."

मी रागावले. एवढा उन्हाळा माझे हात रॉकेलात गेले ते काय यासाठी? म्हटलं, ठेवा तुमच्यापाशी, तुमी हाय तोवर. मागचं मागं पाहू. बाई म्हणाल्या, "मागं कोण पाहीन? तू? पोलीस येईन, दोरीनं बांधीन, घामेजल्या हातानं उचलून नेईन. मेल्या माणसाले आपल्याच माणसानं आंगोळ घालाव. दुसऱ्यावर कावून सोडाव?" मी उठून गोधडीचं कापड उन्हात टाकलं.

त्या दिवशी त्यांनी सगळं नीट केलं. नळीतून चिंधी ओढली, दस्ते चोळले, कडीत यंत्राचं तेल सोडून जादाचं टिपलं. मी मदतीला गेले तर नको म्हणाल्या. धुतलेलं लुगडं नेसल्या. प्रमोद गाडी घेऊन आला होता. रायफली मागच्या सीटवर आम्हा दोघींच्या मांडीवर.

ठाण्यातले साहेब भले होते. गोधडी सोडली तेव्हा उठून उभे राहिले. "आजी, एवढी जुनी आणि एवढी स्वच्छ मी पाहिली नाही." बाईंनी विचारलं, याचं आता काय करता? साहेब म्हणाले, की वरून हुकूम आला की नष्ट करतात. कसं? गॅसनं कापतात. कधी?

"ते सांगता येत नाही. हुकूम यायला वर्षंही लागतात. तोवर माल इथेच राहतो."

"मंग आजच कापा," बाई म्हणाल्या. "मी इथं बसतो. पाहतो आन् जातो."

"तसं करता येत नाही, आजी."

"मंग आठ दिवसानं पुसाले येऊ द्या."

"एकदा सरकारजमा झालं की तेही नाही."

बाईंनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत असावं, फक्त विचारून पाहिलं. एक शिपाई आला आणि त्यानं थोरलीच्या नळीला उघड्या हातानं धरलं. बाई म्हणाल्या, "फडक्यानं धर, बावा." तो पोरगा थबकला. त्यानं प्यांटीला हात पुसले, फडकं घेतलं आणि तान्ह्या मुलाला घ्यावं तशी उचलली. मग धाकटी. आतल्या खोलीतून येऊन त्यानं विचारलं, फडकं वापस देऊ का, आजी? बाई म्हणाल्या, "राहू दे. त्याईले लागन."

पावती साहेबांनी बाईंपुढे धरली. त्यांनी घेतली नाही, मी घेतली. येताना प्रमोदच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. बाई मागून म्हणाल्या, "समोर पाह्य. रस्ता हाय." मागच्या सीटवर आम्ही दोघीच होतो, आणि जागा फार झाली होती.

त्यानंतर बाई आजारी अशा पडल्या नाहीत. फक्त हात मोकळे झाले. शेंगा दिल्या तर सोलायच्या, वाती दिल्या तर वळायच्या, संपलं की हात मांडीवर उलटे ठेवून बसायच्या. मी ती खोली धुऊन घेतली, कपाट काढून त्यांची खाट उन्हाला लावली. पाऊस जोरात लागला, की तेवढं एक बोलायच्या, "ठाण्याच्या मागल्या खोलीले टिनं हायेत." मी म्हणायची, "झोपा आता." पौषात त्या गेल्या. डॉक्टरनं काहीतरी नाव सांगितलं. मला ते पटलं नाही, पण मी चौथी शिकलेली, डॉक्टरशी काय बोलणार?

आंघोळ मी आणि सुनेनं घातली. त्यांच्या बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं असायचं. किती राखेनं घासलं तरी निघत नसे. ते निघून गेलं होतं. हात कोण्याही बाईचे असतात तसे झाले होते. मी आयुष्यात फार रडलेली नाही. तेव्हा रडले.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी एक तरुण शिपाई घरी आला. हातात कागद. म्हणाला, "आजी, लायसनवाल्या बाई वारल्या, असं कळलं. त्यांच्याजवळची हत्यारं जमा करा लागतीन. कुठी हायेत?"

"तुमच्याचपाशी हायेत," मी म्हटलं.

त्याला खरं वाटेना. मी पावती आणून दाखवली. त्यानं मोबाइलमध्ये तिचा फोटो काढला, खाटेवर बसला, कागदावर लिहायला लागला. मी त्याला पाणी दिलं. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "जमा केल्या तवा हालत कशी होती, आजी? पावतीवर लिहिलं नाई. चालू होत्या का गंजेल?"

"लिहा," मी म्हटलं. "बाईच्या घरून निघाल्या तवा एक ठिपका नोहता."

त्यानं तसं लिहिलं. मग पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "आन् आता?"

"ते तुमी जाऊन पाहा," मी म्हटलं. "मले सांगाले येऊ नका."